फळझाडांची वहिवाट

फळझाडाशी आपली ओळख बहुधा त्याच्या फळापुरतीच असते. आंबा गोड की आंबट, फणस कापा की बरका, एवढ्यावर आपण निवाडा करून मोकळे होतो. परंतु ज्या गृहस्थाला परसात चार झाडे लावून त्यांचे उत्पन्न खावयाचे आहे, त्याने फळाच्या रुचीपूर्वी झाडाची धरण्याची रीत समजून घेणे अगत्याचे आहे. ते कोणत्या फांदीवर धरते, दरसाल धरते की वर्षाआड, त्यात नरमादीचा भेद आहे काय, आणि आपल्या बीजातून ते आपल्यासारखेच अपत्य देते की नाही, या सर्व बाबतींत प्रत्येक झाडाची वहिवाट निराळी असते; आणि ती ठाऊक नसल्यामुळे निष्कारण झाडाला दोष देणारे मालक मी पुष्कळ पाहिले आहेत.

आंब्याचेच पाहा. हापुसाची कोय जपून रुजवली म्हणजे हापूसच उगवेल, अशी श्रद्धा बाळगणारे सज्जन अद्याप भेटतात. हापुसाच्या कोयीत एकच गर्भ असतो व तो माशा-कीटकांनी आणलेल्या, बहुधा परक्या झाडाच्या परागापासून सिद्ध झालेला असतो. त्यामुळे त्यातून होणारे झाड आईच्या वळणावर जाईलच याची शाश्वती नसते. कोकणात घरोघरी जे रायवळ आंबे दिसतात, एक चोखण्याजोगा तर शेजारचा केवळ लोणच्याच्या लायकीचा, ते सारे या अनिश्चित वंशवृक्षाचे वारस होत. पोर्तुगीजांच्या अमदानीत गोव्यात कलमांची विद्या रुजली नसती, तर हापुसासारखी जात आजच्या स्वरूपात टिकली असती असे वाटत नाही.

कलम बांधण्याची एक रीत अशी: पावसाळ्याच्या आरंभी कोय रुजून तिला तांबूस, लवचिक कोंब फुटतो. तो पंधरा-वीस दिवसांचा झाला की त्याचा शेंडा छाटून उरलेल्या देठाला उभा काप देतात, उत्तम झाडावरून आणलेल्या काडीला पाचरीसारखी धार करून ती त्या कापात बसवतात, आणि वरून पट्टी घट्ट आवळतात. खालचा खुंट आणि वरची काडी यांची साल निदान एका बाजूने तरी तंतोतंत जुळली पाहिजे, ही या कामातील मेख. कलम साधल्यानंतरही जोडाच्या खाली खुंटाला फूट येत राहते. ती वेळीच खुडली नाही, तर पुढे हापूस मागे पडतो आणि रायवळ वाड्याचा मालक होऊन बसतो.

हापुसाची दुसरी खोड वर्षाआड धरण्याची. मोहराच्या एका तुऱ्यात हजाराच्या वर फुले असतात, त्यांतील पुष्कळशी केवळ नर, आणि हाती येते ते एखाद-दुसरे फळ. तथापि तेवढे पोसण्यातही झाडाची शक्ती खर्ची पडते. फळे उतरल्यावर नवी पालवी यावी, ती जून व्हावी, आणि मगच थंडीत तिच्या टोकाला मोहर यावा, असा क्रम आहे. भरघोस धरलेल्या झाडाला इतकी तयारी एका सालात साधत नाही. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राने दरसाल धरणाऱ्या नीलम आंब्याशी हापुसाचा संकर करून १९८१ साली ‘रत्ना’ ही जात दिली. ती नियमित धरते आणि तिच्यात साका, म्हणजे हापुसाच्या गरात आतून होणारा बिघाड, तोही नसतो. चवीच्या बाबतीत मात्र हापुसाचा अभिमानी मनुष्य तडजोड करीत नाही, हेही खरे.

फणसाचा प्रकार आणखी मौजेचा. याचे नर आणि मादी तुरे एकाच झाडावर येतात. बोराएवढ्या-बोटाएवढ्या हिरव्या बोंडांचा सडा पडलेला पाहून घरातील मंडळी हळहळतात. पण ते गळतात ते बहुधा नर तुरे, पराग देऊन मोकळे झालेले. खरी फळे जाड देठाच्या मादी तुऱ्यांपासून खोडावर व थोर फांद्यांवर धरतात. फणस म्हणजे एका फुलाचे फळ नसून एका तुऱ्यातील शेकडो फुलांचा एकवटलेला समुदाय आहे: प्रत्येक गरा एका फुलाचा, आणि गऱ्यांच्या मधली चिवट पाती म्हणजे ज्यांचे फळ झाले नाही अशी फुले. असे झाड पिढ्यान्‌पिढ्या उत्पन्न देत असल्यामुळे कोकणातील वाटणीपत्रांत जमीन एकाची आणि तीवरील फणस दुसऱ्याचा, अशा नोंदी होत आल्या. त्यातून भाऊबंदकीचे दावेही निघाले.

रातांब्यात, म्हणजे कोकमाच्या झाडात, नर आणि मादी झाडेच स्वतंत्र असतात. बी पेरले तर साधारण निम्मी झाडे नर निघतात, आणि हा उलगडा सहा-सात वर्षांनी पहिले फूल येईपर्यंत होत नाही. यावर उपाय मादी झाडाच्या काडीचे कलम. त्यातही काडी सरळ वर जाणाऱ्या शेंड्याची हवी, कारण आडव्या फांदीची काडी घेतली तर कलम उंच न होता जमिनीलगत पसरते. परागासाठी बागेत थोडी नर झाडे मात्र राखावी लागतात. शिवाय फळे एप्रिल-मेमध्ये पिकतात आणि मागोमाग पाऊस येतो. रातांबे फोडून, साली रसात पुन्हापुन्हा बुडवून उन्हात वाळवून आमसुले करायला जी काय सवड मिळते ती तेवढीच.

घाटावरील डाळिंबाची आणि विदर्भातील संत्र्याची गोष्ट वेगळी; तेथे धरण्याचा काळ काही अंशी मालकाच्या हाती असतो. पाणी तोडून झाडाला ताण द्यावयाचा, आणि मग पाणी देऊन बहर फोडावयाचा. डाळिंबाला मृग, हस्त आणि आंबे असे तीन बहर घेता येतात. पण तिन्ही एकाच झाडावर घेण्याचा लोभ करणाऱ्याची बाग लवकरच निकामी होते.

काढणीचाही प्रत्येकाचा कायदा आहे. आंबा कच्चा उतरवून अढीत पिकवता येतो; संत्रे वा डाळिंब खुडल्यानंतर गोड होत नाही. चिकूचा रंग तर पिकण्याची वर्दीच देत नाही. डहाणू-घोलवडकडे तो मूळ अमेरिकेचा पाहुणा खिरणीच्या खुंटावर चांगला मानवला आहे. त्याचे फळ तयार झाले की नाही हे पाहावयाचे असेल, तर सालीवर हलकेच नख मारावे. खाली हिरवी छटा दिसली तर फळ झाडावर आणखी राहू द्यावे. पिवळट दिसली तर उतरवावे, म्हणजे दोन-चार दिवसांत घरी मऊ पडते.