कचेरीचा कादंबरीकार

नायजेल बाल्चिन हे नाव आज इंग्रजी साहित्य नेमाने वाचणाऱ्यांनाही चटकन आठवत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मात्र ब्रिटनमध्ये त्याच्या कादंबऱ्या हातोहात जात होत्या.

जन्म १९०८ चा, विल्टशरमधल्या पॉटर्न गावचा. केंब्रिजला विज्ञान शिकला आणि पोट भरायला धरला औद्योगिक मानसशास्त्राचा धंदा. यॉर्कच्या राउंट्री कंपनीने १९३३ मध्ये ब्लॅक मॅजिक नावाची चॉकलेटची पेटी बाजारात आणली, तेव्हा गिऱ्हाइकाला नेमकं काय रुचतं याचा माग काढणाऱ्यांत हा होता. त्याच सुमारास मार्क स्पेड या टोपणनावाने तो ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकात कारखानदार आणि मॅनेजर मंडळींची टर उडवत होता. म्हणजे दिवसा ज्यांना सल्ला द्यायचा, रात्री त्यांचीच खिल्ली!

युद्धात तो वॉर ऑफिसात गेला आणि ब्रिगेडियरच्या हुद्द्यापर्यंत चढला. तिथे पाहिलेल्या सरकारी कारभारातून १९४३ ची ‘द स्मॉल बॅक रूम’ उतरली. नायक सॅमी राइस शास्त्रज्ञ आहे. एक पाय कृत्रिम, तो सतत ठणकतो, आणि ठणका विसरायला व्हिस्की हाताशी. जर्मन विमानांनी टाकलेल्या एका फसव्या बॉम्बचं कोडं त्याला सोडवायचंय. पण बाल्चिनचा हात खरा खुलतो तो बैठकांत. एक नवी तोफ सैन्याला द्यायची की नाही, यावर खल चालू आहे. तोफ अजून तयार नाही हे सॅमीला ठाऊक आहे, पण साहेबांची प्रतिष्ठा तिच्यात अडकलेली. कोण कुणाची री ओढतो, कोण ऐनवेळी गप्प बसतो, आकडे कसे सोयीने वाकवले जातात, हे सगळं निव्वळ संवादांतून कळतं. सरकारी कचेरीत दिवस काढलेला माणूस ही पानं वाचताना हसेल आणि मग थोडा ओशाळेल. माणसं आयुष्याचा मोठा हिस्सा कामाच्या टेबलाशी घालवतात, तरी कादंबरीकार तिकडे क्वचितच फिरकतात. बाल्चिन तिथेच मांडी ठोकून बसला, हे त्याचं मोठेपण.

इतके नेमके संवाद लिहिणाऱ्याला सिनेमावाले कसे सोडतील? बहिऱ्या मुलीची गोष्ट सांगणाऱ्या ‘मँडी’च्या (१९५२) पटकथेत त्याचा वाटा होता. मृतदेहाच्या खिशात खोटी कागदपत्रं ठेवून जर्मनांना गंडवल्याची खरी हकिकत सांगणाऱ्या ‘द मॅन हू नेव्हर वॉज’साठी (१९५६) त्याला पटकथेचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. ‘क्लिओपात्रा’चा सुरुवातीचा एक खर्डाही त्याचाच, पण तो बाद झाला. पैसा आला, कादंबरी मात्र आटली. १९५५ नंतरची पुढची कादंबरी थेट १९६२ ची. त्याला दारूचं व्यसनही जडलं होतं.

घरीही पडझड झालीच होती. पत्नी एलिझाबेथ चित्रकार मायकेल एअर्टनकडे गेली आणि १९५१ मध्ये घटस्फोट झाला. त्याच वर्षी आलेली ‘अ वे थ्रू द वुड’ ही तुटत चाललेल्या संसाराचीच कहाणी आहे. ज्युलियन फेलोजने तिच्यावर २००५ मध्ये ‘सेपरेट लाइज’ हा सिनेमा केला. तो पाहणाऱ्या किती जणांनी मूळ लेखकाचं नाव विचारलं असेल, शंकाच आहे. बाल्चिन १९७० मध्ये, ६१ व्या वर्षी गेला.

त्याला वाचायचं असेल तर ‘द स्मॉल बॅक रूम’पासून सुरुवात करा. पॉवेल-प्रेसबर्गर जोडीने १९४९ मध्ये केलेला तिचा सिनेमाही चांगला आहे, पण तो नंतर पाहा. सिनेमाने शेवट गोड केलाय, पुस्तकाने तो केलेला नाही.