ब्राझीलची मोहीम सेना

ब्राझीलची मोहीम सेना : दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर दोस्त राष्ट्रांच्या बाजूने लढण्यासाठी ब्राझीलने १९४४ साली पाठविलेली भूसेना. तिचे पोर्तुगीज नाव ‘फोर्सा एश्पेदिसिओनारिया ब्राझिलैरा’ असे असून आद्याक्षरांवरून ती ‘फेब’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. परिचारिकांसह एकूण २५,३३४ व्यक्ती या सेनेतून यूरोपात गेल्या. लॅटिन अमेरिकेतील राष्ट्रांपैकी मेक्सिकोने एक विमानदल फिलिपीन्समध्ये धाडले. तथापि यूरोपच्या रणभूमीवर पायदळ उतरविणारे ब्राझील हे त्या खंडातील एकमेव राष्ट्र होय.

पार्श्वभूमी : महायुद्ध सुरू झाले तेव्हा ब्राझीलमध्ये झेटूल्यू व्हार्गस याची हुकूमशाही राजवट होती. १९३० पासून सत्तेवर असलेल्या व्हार्गसने १० नोव्हेंबर १९३७ रोजी विधिमंडळ बरखास्त करून ‘एस्तादो नोव्हो’ (नवे राज्य) या नावाची व्यवस्था आणली. तिच्यावर यूरोपातील तत्कालीन हुकूमशाह्यांची छाप स्पष्ट दिसते आणि लष्करातील काही वरिष्ठ अधिकाऱ्यांना जर्मनीविषयी आदरही होता. आरंभीची दोन वर्षे व्हार्गसने दोन्ही पक्षांशी सौदा चालू ठेवला. व्होल्ता रेदोंदा येथील पोलाद कारखान्यासाठी १९४० मध्ये अमेरिकेने कर्ज दिले, तेव्हापासून पारडे अमेरिकेकडे झुकू लागले. ब्राझीलच्या ईशान्य टोकावरील नाताल हे ठिकाण आफ्रिकेच्या किनाऱ्याला सर्वांत जवळचे असल्याने तेथील विमानतळाची अमेरिकेस निकड होती.

जानेवारी १९४२ मध्ये ब्राझीलने अक्ष राष्ट्रांशी राजनैतिक संबंध तोडले. त्यानंतर जर्मन पाणबुड्या ब्राझीलची व्यापारी जहाजे बुडवू लागल्या. १५ ते १७ ऑगस्ट १९४२ या तीन दिवसांत ‘यू-५०७’ या एकाच पाणबुडीने किनाऱ्यालगत पाच जहाजे बुडविली व सु. ६०० लोक मृत्युमुखी पडले. शहरांतून जमाव रस्त्यावर आले आणि २२ ऑगस्ट रोजी सरकारने जर्मनी व इटली यांच्याविरुद्ध युद्ध पुकारले. युद्ध पुकारणे एक आणि सैन्य पाठविणे दुसरे. सैन्य पाठविण्याची कल्पना मुख्यतः ब्राझील सरकारचीच होती. युद्धोत्तर तहाच्या वाटाघाटींत आपल्याला स्थान मिळावे आणि अमेरिकन शस्त्रास्त्रे मिळून शेजारच्या अर्जेंटिनापेक्षा आपले लष्कर वरचढ व्हावे, असे दोन्ही हेतू त्यामागे होते. रूझवेल्ट व व्हार्गस यांची जानेवारी १९४३ मध्ये नाताल येथे भेट झाली, तीत या विचाराला आकार आला.

संघटना : ९ ऑगस्ट १९४३ च्या आदेशाने मोहीम सेना स्थापन झाली. मूळ बेत तीन डिव्हिजनांचा होता. प्रत्यक्षात एकच उभी राहिली. पहिली (रीओ दे जानेरो), सहावी (काशापाव्हा) व अकरावी (साऊं झुआऊं देल रे) अशा तीन पायदळ रेजिमेंटी आणि त्यांच्या जोडीला तोफखाना, अभियंते, टेहळणी पथक व रुग्णसेवा असा तिचा सरंजाम होता. जनरल झुआऊं बाप्तिस्ता मास्कारेन्यास दे मोराइस (१८८३–१९६८) हा सेनापती आणि जनरल झेनोबिओ दा कोस्ता हा पायदळाचा प्रमुख होता. ब्राझीलच्या लष्कराची शिकवण पहिल्या महायुद्धानंतर आलेल्या फ्रेंच लष्करी मंडळाच्या धर्तीवर झालेली होती. आता अमेरिकन पद्धत, अमेरिकन हत्यारे आणि अमेरिकन पुस्तके यांवरून सर्व काही नव्याने शिकणे भाग पडले. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत कुपोषण, किडलेले दात आणि उष्ण कटिबंधातील रोग यांमुळे असंख्य तरुण नापास झाले. देशाच्या अंतर्भागातील दारिद्र्याची पाहणी कोणी करविली नव्हती. ती अशी अनायासे झाली.

तयारी इतकी रेंगाळली की, साप चिलीम ओढील पण ब्राझीलचे सैन्य काही लढाईवर जाणार नाही, अशी थट्टा लोकांत रूढ झाली. सैनिकांनी हीच थट्टा उचलली. चिलीम ओढणाऱ्या सापाचे चित्र हे या सेनेचे बाहूवर लावण्याचे चिन्ह ठरले आणि ‘साप धूम्रपान करतो आहे’ हे तिचे घोषवाक्य झाले. या सैनिकांना देशात प्रेमाने ‘प्रासीन्या’ (छोटे शिपाई) म्हणतात.

इटलीतील मोहीम : सु. पाच हजारांची पहिली तुकडी २ जुलै १९४४ रोजी रीओहून निघाली व १६ जुलै रोजी नेपल्सला उतरली. सैनिकांपाशी शस्त्रे नव्हती आणि त्यांचा हिरवट गणवेश जर्मन गणवेशासारखा दिसे. त्यामुळे बंदरावरील लोकांनी त्यांना जर्मन युद्धकैदी समजून हेटाळणी केली, असे सांगतात. गणवेश थंडीलाही अपुरा होता, म्हणून पुढे बहुतेकांना अमेरिकन कपडे देण्यात आले. आणखी चार तुकड्या फेब्रुवारी १९४५ पर्यंत येत राहिल्या. ही डिव्हिजन अमेरिकेच्या पाचव्या सेनेतील चौथ्या कोअरमध्ये (सेनापती जनरल क्रिटनबर्गर) सामील करण्यात आली. सप्टेंबरच्या मध्यास ती लढाईत उतरली आणि मासारोसा, कामाइओरे ही गावे व मोंते प्रानो हा डोंगर घेत सेर्क्यो नदीच्या खोऱ्यात शिरली. नोव्हेंबरच्या प्रारंभी तिला पूर्वेकडे रेनो नदीच्या खोऱ्यात हलविले. येथेच तिची खरी कसोटी लागली.

बोलोन्याकडे जाणारा ६४ क्रमांकाचा महामार्ग मोंते बेल्व्हेदेरे व मोंते कास्तेल्लो या ॲपेनाइन पर्वतातील उंचवट्यांच्या नजरेखाली होता. कास्तेल्लो हा सु. ९८० मी. उंचीचा डोंगर काही दुर्गम नव्हे. पण त्याच्या माथ्यावरील जर्मनांना चढण चढणारा प्रत्येक माणूस दिसे. २४, २५ व २९ नोव्हेंबर आणि १२ डिसेंबर १९४४ असे चार हल्ले झाले. ते चारही फसले. सैन्य अपुरे, पाऊस व चिखल यांमुळे रणगाडे निकामी, ढगांमुळे विमानांचे साहाय्य नाही, अशी कारणे दिली जातात व ती खरीही आहेत. परंतु मुख्य दोष योजनेचा होता. शेजारचा अधिक उंच बेल्व्हेदेरे शत्रूच्या हाती असताना त्याच्या पायथ्यावरून कास्तेल्लोवर समोरून चढाई करणे म्हणजे बाजूच्या माऱ्यात आपण होऊन शिरणे होते. १२ डिसेंबरच्या हल्ल्यात पडलेल्यांपैकी काहींचे मृतदेह अबेताया या वस्तीजवळ बर्फात तसेच राहिले. ते फेब्रुवारीत हाती लागले.

पुढील दोन महिने सैनिकांनी खंदकांत, बर्फात काढले. त्यांतील बहुतेकांनी बर्फ पूर्वी कधी पाहिलाच नव्हता. पाय गारठून सडू नयेत म्हणून त्यांनी बुटांत गवत व वर्तमानपत्राचे कागद भरले. अखेरीस अमेरिकेच्या दहाव्या पर्वतीय डिव्हिजनने फेब्रुवारीत रात्रीच्या चढाईने प्रथम बेल्व्हेदेरे घेतला आणि त्यानंतर २१ फेब्रुवारी १९४५ रोजी ब्राझीलच्या पायदळाने मोंते कास्तेल्लो काबीज केला. या हल्ल्याची आखणी करणाऱ्यांत मोहीम विभागाचा प्रमुख लेफ्टनंट कर्नल काश्तेलू ब्रांकू हा होता.

एप्रिलच्या वासंतिक चढाईत १४ तारखेपासून मोंतेझे या गावासाठी घराघरांतून झुंज झाली. ब्राझीलचे चारशेहून अधिक सैनिक हताहत झाले व गाव जवळजवळ जमीनदोस्त झाले. नंतर पाठलाग सुरू झाला. पार्माच्या दक्षिणेस कोलेक्क्यो व फोर्नोव्हो येथे जर्मनांच्या १४८ व्या डिव्हिजनची वाट ब्राझीलच्या सैन्याने अडविली. शरणागतीचा निरोप एका खेड्यातील धर्मगुरूने शत्रूच्या तळावर नेला. २९ एप्रिल रोजी जनरल ओटो फ्रेटर-पिको आपल्या डिव्हिजनसह व इतर जर्मन-इटालियन तुकड्यांच्या अवशेषांसह शरण आला. ब्राझीलच्या अहवालांनुसार या वेळी १४,७७९ कैदी हाती लागले. २ मे रोजी सूझा येथे ब्राझीलच्या तुकड्यांची फ्रेंच सैन्याशी गाठ पडली व इटलीतील युद्ध संपले. ब्राझीलच्या वायुसेनेचे एक लढाऊ विमानदलही अमेरिकेच्या ३५० व्या गटात राहून ‘पी-४७’ विमानांनिशी लढले. सर्व मिळून सु. साडेचारशे सैनिक कामी आले.

एक गोष्ट नमूद केली पाहिजे. या सेनेत गोरे, काळे व संमिश्र वंशाचे सैनिक एकाच पलटणीत होते. उलट शेजारच्या अमेरिकन ९२ व्या डिव्हिजनमध्ये काळे सैनिक गोऱ्या अधिकाऱ्यांखाली वेगळे ठेवलेले होते. ब्राझीलमध्ये वर्णभेद नव्हता असे नव्हे. अधिकारीवर्ग बहुतांशी गोराच होता. या आघाडीच्या पूर्व भागात आठव्या व दहाव्या भारतीय डिव्हिजनमधून मराठा पलटणीही लढत होत्या. त्यांतील यशवंत घाडगे (मरणोत्तर, जुलै १९४४) व नामदेव जाधव (एप्रिल १९४५) यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. भारताचे सैनिक परक्या सत्तेच्या हुकमाने आलेले होते आणि ब्राझीलचे स्वतंत्र राष्ट्राच्या निर्णयाने. तरी त्या राष्ट्रातही हा निर्णय नागरिकांच्या मताने झालेला नव्हता.

परिणाम : परदेशातील हुकूमशाहीविरुद्ध लढण्यास सैन्य पाठवायचे व स्वदेशात ती चालू ठेवायची, ही विसंगती फार दिवस टिकणारी नव्हती. मीनास झेराइस प्रांतातील प्रतिष्ठितांनी ऑक्टोबर १९४३ मध्येच जाहीरनामा काढून लोकशाहीची मागणी केली होती. विजयी सेनेचा वापर आपल्याविरुद्ध होईल अशी धास्ती सरकारला वाटत असावी. कारण सैनिक अद्याप इटलीत असतानाच, ६ जुलै १९४५ रोजी मोहीम सेना बरखास्त करण्याचा आदेश निघाला. १८ जुलै रोजी पहिली तुकडी रीओला पोहोचली, तेव्हा लोटलेल्या गर्दीने स्वागत केले. पण लवकरच सैनिकांची पांगापांग झाली. २९ ऑक्टोबर १९४५ रोजी लष्करानेच व्हार्गसला पदच्युत केले आणि निवडणुकांचा मार्ग मोकळा झाला. युद्धमंत्री राहिलेला जनरल दूत्रा हाच त्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष झाला.

इटलीहून परतलेल्यांनी सर्वांनी एकच धडा घेतला असे मात्र म्हणता येत नाही. काश्तेलू ब्रांकू हा १९६४ च्या लष्करी उठावानंतर राष्ट्राध्यक्ष झाला; त्या वेळी अमेरिकेचा लष्करी प्रतिनिधी म्हणून ब्राझीलमध्ये असलेला व्हर्नन वॉल्टर्स हा इटलीतील त्याचा जुना सहकारी होता. याच मोहीम सेनेत अधिकारी म्हणून गेलेला अर्थशास्त्रज्ञ सेल्सू फुर्तादू याचे राजकीय हक्क त्याच उठावानंतर काढून घेण्यात आले व त्याला देश सोडावा लागला. सामान्य शिपायांच्या वाट्याला दीर्घ काळ उपेक्षाच आली. अनेकांना काम मिळेना, जखमी व मनाने खचलेल्यांची सोय अपुरी होती. माजी सैनिकांना विशेष निवृत्तिवेतनाचा हक्क १९८८ च्या संविधानाने दिला. तोपर्यंत त्यांतील पुष्कळजण हयात नव्हते.

मृत सैनिक इटलीत पिस्तोया येथील दफनभूमीत पुरलेले होते. १९६० मध्ये त्यांचे अवशेष रीओला आणून समुद्रकाठच्या राष्ट्रीय स्मारकात ठेवण्यात आले. १९६७ मध्ये एका अज्ञात सैनिकाचे अवशेष सापडले. ते मात्र पिस्तोयालाच, तेथील स्मारकात ठेवलेले आहेत.