मॅक्रोसाठी फ्लॅश कोणता घ्यायचा? (पैसे कमी, पुठ्ठा जास्त)

हे आमच्या पॉडकास्टच्या भागाचं लिखित रूप. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय, फक्त 'अं' आणि 'ॲक्च्युअली' उडवलेत.

पावसाळा लागला की इनबॉक्समध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो. "मॅक्रो लेन्स घेतली, कोळ्याचे फोटो काढले, पण एकतर हलतात नाहीतर काळे येतात. आता फ्लॅश कुठला घेऊ? रिंग फ्लॅश घेऊ का?"

उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे बसमध्ये ऐकताय आणि स्टॉप आला तरी हरकत नाही. बहुतेकांनी एक छोटा, साधा स्पीडलाइट घ्यावा आणि त्यावर घरी बनवलेला मोठा डिफ्यूझर लावावा. रिंग फ्लॅश बहुतेकांना लागत नाही. आता का, ते बघू.

फ्लॅश लागतोच का?

मॅक्रो म्हणजे १:१. दहा मिलिमीटरची मुंगी सेन्सरवरही दहा मिलिमीटरचीच पडते. इतक्या जवळ गेलं की डेप्थ ऑफ फील्ड पार आटते. एपीएस-सी सेन्सरवर, एफ/११ ठेवूनसुद्धा, जेमतेम एक मिलिमीटरचा पट्टा शार्प मिळतो. म्हणून ॲपर्चर बंद करावं लागतं. त्यात आणखी एक छुपा कर आहे: १:१ वर लेन्स दोन स्टॉप प्रकाश खाते. कॅमेऱ्यात एफ/११ दिसत असलं तरी सेन्सरपर्यंत एफ/२२ एवढाच उजेड पोचतो.

आता हिशोब करा. रखरखीत उन्हात, आयएसओ १०० आणि एफ/२२ ला साधारण १/५० सेकंदाचं शटर लागतं. पावसाळी ढगाखाली, झाडीत शिरलात की उजेड सहज सहा स्टॉपने, म्हणजे ६४ पटीने कमी होतो. शटर गेलं एक सेकंदाच्या वर. आयएसओ १६०० केला तरी १/१२ च्या आसपास. आणि १:१ वर तुमचा हात दशांश मिलिमीटर हलला, तर २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरवर चित्र २५ पिक्सेल सरकतं. वारा, पान, किड्याची शेपटी हे सगळं वेगळंच.

फ्लॅश हे सगळं एका फटक्यात सोडवतो. कमी पॉवरवर त्याची चमक १/१०,००० सेकंदाच्या आसपास संपते. शटर १/२०० वर ठेवलंत आणि सावलीत असलात, तर बाहेरच्या उजेडाचा वाटा जवळपास शून्य. म्हणजे हालचाल गोठवण्याचं काम शटर करतच नाही, चमक करते. हाय स्पीड सिंक इथे नको. त्यात पॉवर वाया जाते आणि ती एक छोटी चमक लांबत जाते.

किती पॉवरचा?

दुकानात गाइड नंबर सांगतात: ६०, ३६ वगैरे. सूत्र सोपं आहे. गाइड नंबर म्हणजे मीटरमधलं अंतर गुणिले एफ नंबर, आयएसओ १०० ला. आपलं अंतर किती? पंधरा सेंटिमीटर. ०.१५ गुणिले २२, म्हणजे ३.३. डिफ्यूझर दोन स्टॉप खातो असं धरलं तर दुप्पट, ६.६. छोट्या फ्लॅशच्या खोक्यावर ३६ लिहिलेलं असतं ते झूम पूर्ण ताणल्यावरचं. रुंद झूमवर २० धरा. वीस भागिले ६.६ साधारण ३, त्याचा वर्ग ९. म्हणजे १/८ पॉवर पुरते. आयएसओ ४०० केलात की १/३२ पुरते. चमक आणखी छोटी, बॅटरी निवांत आणि पुढच्या फोटोसाठी थांबणं नाही.

म्हणजे मॅक्रोत पॉवर हा बॉटलनेक नाहीच. गोडॉक्स टीटी३५० सारखा दोन पेन्सिल सेलवर चालणारा छोटा फ्लॅश पुरतो. मोठा फ्लॅश घेतलात तर पुढचं वजन तुमच्याच मनगटावर येणार. सेल मात्र रिचार्जेबल एनआयएमएच घ्या, ते अल्कलाइनपेक्षा फ्लॅशला लवकर चार्ज करतात.

खरा प्रश्न: दिवा किती मोठा दिसतो?

प्रकाश मऊ की कडक हे दिव्याच्या किमतीवर ठरत नाही. किड्याच्या जागेवरून बघितलं तर दिवा केवढा दिसतो, त्यावर ठरतं. सूर्य प्रचंड आहे, पण इथून ठिपक्याएवढा, म्हणून दुपारची सावली कडक. उलट, १५ सेंटिमीटर रुंद पांढरा पडदा मुंगीपासून ५ सेंटिमीटरवर असेल, तर मुंगीला अख्खं आभाळच उजळल्यासारखं वाटतं.

भुंग्याची पाठ, मुंगीचं डोकं, कोळ्याचे डोळे हे सगळे छोटे आरसे आहेत. त्यांच्यावर जो पांढरा डाग दिसतो तो तुमच्या दिव्याचंच प्रतिबिंब. दिवा छोटा असेल तर डाग जळका, टोकदार. दिवा मोठा असेल तर तीच जागा हळुवार उजळते आणि रंग दिसतो.

रिंग फ्लॅश इथेच मार खातो. १९५२ साली लेस्टर डाइन यांनी तो दातांच्या फोटोंसाठी बनवला. तोंडाच्या आत सावली नको असते, तिथे तो उत्तमच. पण सावली गेली की आकारही गेला. किडा चपटा दिसतो आणि डोळ्यांत बांगडी उमटते. ट्विन फ्लॅश जास्त चांगला, कारण दोन दिवे वेगवेगळे वळवता येतात. पण तो महाग असतो, आणि डिफ्यूझर लावला नाही तर डोळ्यात दोन ठिपके हमखास. तेवढ्या पैशात स्पीडलाइट येतो आणि आंबोलीची एक ट्रिपही निघते.

डिफ्यूझर कसा बनवायचा

आतून ॲल्युमिनियम फॉइल चिकटवलेला पुठ्ठ्याचा बोगदा करा, फ्लॅशपासून लेन्सच्या टोकापर्यंत. पुढे दुधी रंगाचं पातळ प्लास्टिक किंवा ट्रेसिंग पेपर, लेन्सवर छपरासारखं झुकवून. एकाऐवजी दोन पडदे लावा, मध्ये दोन-तीन सेंटिमीटर जागा ठेवून. पहिला प्रकाश पसरवतो, दुसरा सपाट करतो. एकच पडदा असेल तर मध्यभागी पांढरा गोळा दिसतो.

पडदा लेन्सच्या पुढे का यायला हवा? १०० मिमीच्या मॅक्रोत १:१ ला लेन्सच्या काचेपासून किड्यापर्यंत साधारण १३ ते १५ सेंटिमीटरच उरतात. हॉटशूवरचा उघडा फ्लॅश वरून निघून जातो आणि लेन्सची सावली फोटोत पडते. ६० मिमीच्या लेन्सला तर अंतर त्याहून कमी.

टीटीएल की मॅन्युअल?

मॅन्युअल म्हणजे हार्डकोड केलेली व्हॅल्यू. टीटीएल म्हणजे फीडबॅक लूप: आधी एक छोटी चमक, मग लेन्समधून मोजमाप, मग खरी चमक. नेहमी १:१ लाच काढत असाल तर अंतर ठरलेलं, मॅन्युअल झकास. पण फुलपाखरू, मग मुंगी, मग परत फुलपाखरू असं चालू असेल तर लेन्सने खाल्लेला प्रकाशही टीटीएल आपोआप धरतो.

विकत घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. एक, टीटीएल फ्लॅश ब्रँडनुसार येतो. कॅननचा सोनीवर टीटीएल चालत नाही. दोन, कॅननच्या २०० डी मार्क टू आणि ३००० डी सारख्या काही बॉडींच्या हॉटशूमध्ये मधली पिनच नाही, त्यामुळे साधा मॅन्युअल फ्लॅश तिथे उडत नाही. आपली बॉडी डोळ्यांनी बघा. आणि काकांच्या कपाटातला फिल्मच्या काळातला फ्लॅश सरळ लावू नका. काही जुन्या फ्लॅशचा ट्रिगर व्होल्टेज शेकड्यांत असतो, त्याने डिजिटल कॅमेऱ्याचं सर्किट जाऊ शकतं.

फोनवाल्यांनी काय करायचं?

फोनचा 'फ्लॅश' म्हणजे एलईडी टॉर्च. झेनॉन ट्यूबसारखी झटक्यात चमक तो देत नाही. नोकिया लुमिया १०२० मध्ये २०१३ साली खरा झेनॉन होता, पण ती पद्धत पुढे मागे पडली. त्यामुळे क्लिप-ऑन मॅक्रो लेन्स वापरत असाल तर छोटा एलईडी पॅनल घ्या, त्यावर तोच ट्रेसिंग पेपर लावा आणि किड्याच्या अगदी जवळ धरा. अंतर अर्धं केलं की उजेड साधारण चौपट. भर वाऱ्यात एलईडी कमी पडेल. बसलेला किडा आणि व्हिडिओ, दोन्हीला चालेल.

काळी पार्श्वभूमी

किडा १५ सेंटिमीटरवर आणि मागची झाडी ६० वर, तर झाडीपर्यंत सोळावा हिस्सा प्रकाश पोचतो. म्हणून मागे काळोख. उपाय: मागे जवळच पान असेल असा कोन शोधा, किंवा शटर १/६० पर्यंत उतरवून बाहेरचा उजेड आत घ्या.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं

पावसाळ्यात रात्री आंबोलीत एकेका बेडकाभोवती पाच-सहा कॅमेरे बसलेले असतात. प्रत्येकाचे तीस फोटो धरले तर त्या जीवावर दीडशेहून जास्त चमका. कमी पॉवर, मोठा डिफ्यूझर आणि चार-पाच फ्रेम घेऊन बाजूला व्हा. किड्याला फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करणं, फांदी तोडून 'सेट' लावणं हे चालणार नाही. फोटो नाही मिळाला तर उद्या परत जाता येतं.

या आठवड्याचा होमवर्क: गोल स्टीलचा चमचा किंवा बेअरिंगची गोळी घ्या आणि तिचा फोटो काढा. त्यावर जे प्रतिबिंब दिसेल तेच उद्या कोळ्याच्या डोळ्यात दिसणार आहे. ते आवडेपर्यंत डिफ्यूझर कापत राहा, नवीन फ्लॅश शोधू नका. फोटो पाठवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. भेटू लवकरच!