पाण्याचा मीटर आणि पाण्याचें बिल

घरांत येणारी बहुतेक प्रत्येक वस्तु मापून घेतली जाते. गवळ्याच्या मापावर गृहिणीची नजर असते, वाण्याच्या तराजूकडे यजमान लक्ष देतात, कापड दुकानांत मोजून आणलें तरी घरीं पुन्हां एकदां हातानें मोजून पाहिलें जातें. पाणी मात्र घरांत कोणी मोजीत नाहीं. त्याचें मोजमाप दाराबाहेर, एका लहानशा खड्ड्यांत, लोखंडी झांकणाखालीं रात्रंदिवस चाललेलें असतें, आणि त्याची आठवण होते ती बिल हातीं पडल्यावर. बिल नेहमींसारखें असलें तर तें भरून टाकतात. दुप्पट आलें तर घरांत एकमुखानें निर्णय होतो कीं मीटर बिघडला. मग अर्ज होतो, फेऱ्या सुरू होतात, आणि पुढचें बिलहि दुप्पटच येतें. मीटर खरोखर बिघडलेला असूं शकतो; परंतु तसें म्हणण्यापूर्वीं तो काय मोजतो, कसें मोजतो, आणि त्याच्या आंकड्यांतून रुपये कसे निघतात, हें समजून घेणें हिताचें आहे.

वाहत्या पाण्याचें माप घेण्याची अडचण फार जुनी आहे. रोम शहराच्या जलव्यवस्थेवर इ. स. ९७ मध्यें फ्रॉन्टिनस नांवाचा अधिकारी नेमला गेला. त्याच्या ग्रंथांत पाण्याचा सारा हिशेब नळीच्या तोंडाच्या आकारावरून मांडलेला आहे. परंतु तोंड तेवढेंच असलें तरी दाब वाढला कीं पाणी अधिक वेगानें जातें, आणि तो वेग मोजण्याचें साधन त्याच्यापाशीं नव्हतें. आपल्याकडेहि पुण्यासारख्या शहरांत पाणीपट्टी दीर्घकाळ घराच्या करयोग्य मूल्याशीं जोडलेली होती. त्या रीतींत पाण्याचें माप मुळींच येत नाहीं. मोठ्या घरांत दोनच माणसें राहत असलीं तरी पट्टी जास्त, आणि लहान घरांत दिवसभर नळ वाहत राहिला तरी पट्टी तेवढीच. वापराप्रमाणें आकार लावावयाचा तर वाहत्या पाण्याचा वेग मोजणारें यंत्र हवें. असें व्यवहारोपयोगी यंत्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास विल्यम सीमेन्स प्रभृतींनीं सिद्ध केलें.

आजच्या घरगुती मीटरांपैकीं पुष्कळसे त्याच तत्त्वावर चालतात. एका लहान पेटींत पात्यांचें हलकें चक्र असतें. पाणी छिद्रांतून शिरून पात्यांवर कडेनें आदळतें आणि चक्र फिरूं लागतें. पाण्याचा वेग जसा वाढेल तसा चक्राचाहि वाढतो. पुढें दांत्यांच्या चाकांची एक माळ असते. ती चक्राच्या फेऱ्यांचे लिटर आणि लिटरांचे घनमीटर करून तबकडीवर दाखविते. म्हणजे हा मीटर पाणी भांड्यानें मापीत नाहीं. तो फेऱ्या मोजतो, आणि त्यांवरून किती पाणी गेलें असावें तें सांगतो.

त्याच्या बऱ्यावाईट गुणांचें मूळ या एका गोष्टींत आहे. धार फारच मंद असली तर पात्यांना पुरेसा जोर मिळत नाहीं आणि कांहीं पाणी न मोजतांच निघून जातें. ताशीं १,५०० लिटरांच्या प्रवाहासाठीं बनविलेल्या १५ मिलिमीटरच्या 'ब' वर्गाच्या मीटरची खात्री ताशीं ३० लिटरांच्या खालीं दिली जात नाहीं. उलटपक्षीं, जेथें पाणी ठराविक तासच सोडतात तेथें रिकाम्या नळांत हवा भरून राहते. पाणी सुटलें कीं ती हवा पुढें लोटली जाते आणि तिच्या झोतानेंहि चक्र फिरतें. पाणी आणि हवा यांतला भेद मीटरला कळत नाहीं. वर्षानुवर्षें वापरून झिजलेला मीटर मात्र बहुधा कमीच दाखवितो, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. एकाएकीं दुप्पट झालेल्या बिलाचें कारण मीटरच्या म्हातारपणांत क्वचितच सांपडतें.

मीटर बरोबर आहे कीं नाहीं याची पहिली परीक्षा घरच्या घरीं होते. माप ठाऊक असलेली २० लिटरांची बादली घेऊन, घरांतले दुसरे सर्व नळ बंद ठेवून, मीटरवरून थेट येणाऱ्या नळाखालीं ती १० वेळां भरावी, आणि आधींचा व नंतरचा आंकडा लिहून घ्यावा. फरक २०० लिटरांच्या आसपास आला पाहिजे. नेहमींच्या प्रवाहांत शेंकडा दोन, म्हणजे येथें चार लिटर, इतकी चूक चांगल्या मीटरलाहि क्षम्य मानतात. अगदीं मंद प्रवाहांत ती शेंकडा पांचपर्यंत चालते. फरक २३० किंवा २४० लिटर येऊं लागला, आणि पुन्हां करून पाहिलें तरी तसाच आला, तर मीटर तपासणीस पाठविण्याच्या अर्जाला खरा आधार मिळतो.

तबकडीचें वाचन अवघड नाहीं. काळे आंकडे घनमीटर दाखवितात. लाल आंकडे अथवा लाल कांटे त्याखालचे अंश दाखवितात. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर, आणि वजनांत सुमारें एक टन. बिलांतील एक 'युनिट' तें बहुधा हेंच. समजा, गेल्या महिन्याच्या पहिल्या तारखेस काळा आंकडा ४३१२ होता आणि ३० दिवसांनीं तो ४३३३ झाला. फरक २१ युनिटांचा, म्हणजे २१,००० लिटर. त्याला ३० नें भागलें कीं रोजचे ७०० लिटर होतात. घरांत पांच माणसें असलीं तर माणशीं १४०. शहरी घरगुती गरजेसाठीं आपल्या देशांत दरडोई दररोज १३५ लिटर हें प्रमाण धरण्याचा प्रघात आहे. तेव्हां या कुटुंबाचा वापर चोख म्हणावयास हरकत नाहीं.

बिल हातीं येतांच प्रथम रुपयांकडे न पाहतां तीन गोष्टी पाहाव्या: मागील वाचन, चालू वाचन आणि मधले दिवस. पुष्कळदां कोडें येथेंच सुटतें. मीटरपर्यंत वाचक पोंचला नाहीं, खड्ड्यांत पाणी सांचलें, कांच धुरकट झाली, अशा कारणांनीं प्रत्यक्ष वाचन न होतां सरासरीनें बिल केलेलें असतें. अशीं दोन-तीन बिलें हलकीं आलीं कीं पुढच्या खऱ्या वाचनांत मागची सारी तूट एकदम निघते. त्या बिलांत पाणी वाढलेलें नसतें, थकलेला हिशेब तेवढा पुरा झालेला असतो.

परंतु वाचन खरें, दिवस बरोबर, आणि तरी रक्कम दुप्पट असेल तर दरांची रचना समजून घेतली पाहिजे. अनेक शहरांत दर पायऱ्यांनीं चढतो. मुंबई महानगरपालिकेनें घरगुती वापरासाठीं स्वीकारलेली रीत अशी: दरडोई दररोज १५० लिटरपर्यंत मूळ दर, १५० ते २०० पर्यंतच्या पाण्यास दुप्पट, २०० ते २५० पर्यंतच्यास तिप्पट, आणि त्यापुढें चौपट. वरील पांच माणसांच्या घराला याप्रमाणें ७५० लिटरांपर्यंत मूळ दर पडेल. त्याचा वापर ७०० असल्यामुळें तें पहिल्याच पायरीवर आहे.

आतां समजा कीं संडासाच्या टाकीची झडप नीट बसत नाहीं आणि मिनिटाला पाव लिटर पाणी गळत आहे. ही धार इतकी बारीक कीं तिचा आवाजहि होत नाहीं. पण ताशीं ती १५ लिटर आणि दिवसाला ३६० लिटर होते. ७०० चे १,०६० लिटर झाले, म्हणजे पाणी दीडपट वाढलें. पैसे मात्र असे: पहिल्या ७५० लिटरांना मूळ दर, पुढच्या २५० ना दुप्पट, म्हणजे ५०० लिटरांइतका आकार, आणि उरलेल्या ६० ना तिप्पट, म्हणजे १८० लिटरांइतका. बेरीज १,४३० होते. पूर्वीं ७०० लिटरांचा आकार पडत होता, तो आतां १,४३० लिटरांचा पडला. पाणी दीडपट वाढलें आणि बिल दुपटीहून थोडें अधिक झालें, मीटर मात्र निर्दोष. शिवाय जेथें मलनिस्सारणाचा आकार पाण्याच्या आकाराच्या ठराविक टक्क्यांनीं लावतात, तेथें तोहि त्याच प्रमाणांत चढतो.

ताशीं १५ लिटरांची धार मीटरला जाणवणार नाहीं, अशी शंका येथें येईल. ती गळती थेट मीटरवरच्या नळाला असती तर शंका कांहींशी खरी ठरली असती. परंतु गच्चीवरच्या टाकींतून पाणी गळतें, टाकी रिकामी होते, आणि ती पुन्हां भरतांना जोरदार प्रवाहानें भरते. त्या प्रवाहांत गळलेलें पाणी मीटरवर पुरेंपूर नोंदलें जातें.

गळती शोधण्यास सुतार-गवंडी लागत नाहींत. पाणी चालू असण्याच्या वेळेंत घरांतले सर्व नळ आणि टाकीची आवक बंद करून तबकडीवरील लहान चांदणीसारखें चाक पाहावें. तें फिरत राहिलें तर पाणी कोठेंतरी जात आहे. मग घराजवळची मुख्य तोटी बंद करावी. चाक थांबलें तर दोष घरांत आहे. तरीहि फिरत असलें तर मीटर आणि घर यांमधला पुरलेला नळ फुटलेला आहे. गच्चीवरच्या टाकीसाठीं रात्रीं आवक बंद करून पाण्याच्या पातळीस खडूनें खूण करावी आणि पहाटे, कोणी नळ सोडण्याआधीं, ती पाहावी. संडासाच्या टाकींत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाकून अर्धा तास ती ओढूं नये. भांड्यांत रंग उतरला कीं झडपेचा अपराध सिद्ध झाला. या झडपेचें रबर बदलावयास लागणारा खर्च एका वाढीव बिलापुढें कांहींच नाहीं.

गळतीच्या खालोखाल पाणी घेते ती बाग. येथें एक सोपें गणित उपयोगी पडतें: एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. दख्खनच्या पठारावर भर उन्हाळ्यांत हिरवळीला दिवसाला सहा मिलिमीटरांच्या आसपास पाणी लागतें. ५० चौरस मीटरांच्या हिरवळीस म्हणजे रोज ३०० लिटर हवेत, दोन माणसांच्या वापराहून अधिक. रबरी नळीनें याहूनहि जास्त जातें. नळीखालीं १५ लिटरांची बादली एका मिनिटांत भरत असेल, तर अर्ध्या तासांत ४५० लिटर पाणी बागेंत गेलें; त्यांतलें मुळांना लागलें किती आणि पायवाटेवरून वाहून गेलें किती, हा हिशेब निराळाच.

कोंकणांतल्या जुन्या घरांत यावर उपाय होता. मोरीचें पाणी जेथें बाहेर पडे तेथें अळूं आणि केळ लावलेली असे; एकाच पाण्यावर भांडींहि निघत आणि भाजीहि होई. आजहि डाळ-तांदूळ धुतलेलें पाणी कुंड्यांना चालतें. बागेला ऊन चढण्यापूर्वीं किंवा मावळतीनंतर पाणी द्यावें, बुंध्याशीं पालापाचोळ्याचें आच्छादन ठेवावें, आणि झाडांच्या रांगांना ठिबकाची नळी घालावी, म्हणजे थोड्या पाण्यांत भागतें. अमेरिकेंतील अनेक शहरांत बागेसाठीं वेगळा मीटर घेतां येतो. कारण बागेंत मुरलेलें पाणी गटारांत जात नाहीं, म्हणून त्यावर मलनिस्सारणाचा आकार पडूं नये. जेथें अशी सोय नाहीं तेथें हिरवळीचा प्रत्येक लिटर दोन्ही आकार भरतो.

शेतीच्या पाण्यांतहि हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. महाराष्ट्रांत कालव्याची पाणीपट्टी दीर्घकाळ पीक, क्षेत्र आणि हंगाम यांवरून आकारली जात असे. किती पाणी घेतलें याचा त्यांत हिशेब नसल्यामुळें काटकसर करणाऱ्यास कांहींच लाभ होत नसे. २००५ सालीं झालेल्या दोन कायद्यांनीं पाणी वापर संस्थांना घनमापानें मोजून पाणी देण्याच्या तत्त्वास आधार दिला. घराच्या दाराशीं जें काम लहान मीटर करतो, तेंच वितरिकेच्या मुखाशीं मोजमापाच्या साधनानें करावयाचें असतें.

सहकारी गृहसंस्थांत प्रश्नाला आणखी एक कंगोरा असतो. पुष्कळ ठिकाणीं साऱ्या इमारतीला मिळून एकच मीटर असतो, आणि महाराष्ट्रांतील आदर्श उपविधींप्रमाणें पाण्याचा खर्च प्रत्येक सदनिकेंतील नळांच्या संख्येवरून व आकारावरून वाटला जातो. ही वाटणी सोयीची आहे, पण ती रोमच्या रीतीसारखीच तोंडें मोजते, पाणी मोजीत नाहीं. तिसऱ्या मजल्यावरची एक गळकी झडप चोवीस बिऱ्हाडांचें बिल वाढविते, आणि सभेंत कलह मात्र भलत्याच कारणावरून होतो. अशा इमारतींनीं दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेस मीटरचा आंकडा फलकावर लिहावा आणि वर्षांतून दोनदां सर्व टाक्यांची रात्रींची परीक्षा घ्यावी. कित्येक भांडणें आंकड्यापुढें आपोआप मिटतात.

मुंबईकराच्या तांब्यांत पडणारें पाणी शंभर किलोमीटरांच्या आसपासचा प्रवास करून, शुद्ध होऊन आलेलें असतें. एका घरांत रात्रभर गळणारें पाणी नळाच्या शेवटच्या टोंकाशीं राहणाऱ्या वस्तीच्या वाट्यांतून कमी होतें. तेथें गृहिणी पहाटे उठून क्षीण धारेखालीं हंडा धरून बसलेली असते. महिन्याच्या एका ठरलेल्या सकाळीं दाराबाहेरचें तें लोखंडी झांकण उचलून आंकडा वहींत टिपून ठेवावयास दोन मिनिटें पुरतात. ती वही जिच्या घरांत आहे त्या गृहिणीला बिलाची धास्ती वाटत नाहीं, आणि मीटरशीं भांडण्याचा प्रसंग आलाच तर तिच्या हातीं पुरावा असतो.