घरचं जाळं, भाग 6 : राउटर एकच, अँटेना कितीही

पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन्ही रस्ते आळेफाट्याला एकमेकांना छेदतात. त्यामुळे चौकाभोवती लॉज, हॉटेलं, दवाखाने आणि शेतीमालाच्या गाळ्यांची दाटी आहे. अशा कुठल्याही दुमजली-तिमजली इमारतीत वायफायचा डबा बहुधा तळमजल्यावर, गल्ल्याशेजारी असतो आणि वरच्या मजल्यावरचं गिऱ्हाईक रेंज शोधत जिन्यात येऊन उभं राहतं. मालकाचा उपायही ठरलेला असतो. आणखी एक राउटर आणायचा. घोळ होतो तो इथेच, कारण कमी पडत असतो अ‍ॅक्सेस पॉइंट.

कंपनीचा माणूस जो डबा बसवून जातो त्याला कोणी मोडेम म्हणतं, कोणी राउटर, कोणी नुसतंच ‘वायफाय’. आत खरं तर चार कामं कोंबलेली असतात. फायबरमधून आलेल्या प्रकाशाचे विजेचे संकेत करणं हे पहिलं. दुसरं राउटरचं. तिसरं, मागच्या खाचांमध्ये लावलेल्या वायरी एकमेकींना जोडणाऱ्या स्विचचं. चौथं काम मोबाइलशी हवेतून बोलणाऱ्या रेडिओचं, आणि हा रेडिओ म्हणजेच अ‍ॅक्सेस पॉइंट. चारही एकाच प्लास्टिकच्या पेटीत आल्यामुळे ती वेगळी आहेत हेच विसरायला होतं.

राउटरचं काम आळेफाट्याच्या चौकासारखं आहे, कुठली गाडी कुठल्या रस्त्याला लागणार ते तिथे ठरतं. कंपनी घराला सहसा एकच आयपी पत्ता देते. राउटर त्याच्यामागे घरातल्या प्रत्येक यंत्राला 192.168.1.5, 192.168.1.6 असे खासगी पत्ते वाटतो. या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. बाहेरून आलेला व्हिडिओ टीव्हीचा की मुलीच्या मोबाइलचा, याची नोंदही तोच ठेवतो. अ‍ॅक्सेस पॉइंट यातलं काहीच करत नाही. वायरीतून आलेलं हवेत सोडायचं आणि हवेतून आलेलं वायरीत घालायचं, एवढंच त्याचं काम.

अँटेना लांबवर पसरायच्या आणि हिशेब एका जागी ठेवायचा, याचा भव्य नमुना जुन्नर तालुक्यातच आहे. नारायणगावजवळ खोडदला डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. 14 मध्यभागी जवळजवळ, बाकीच्या 16 इंग्रजी वाय आकाराच्या तीन भुजांवर, सुमारे 25 किलोमीटरच्या पसाऱ्यात. शेतांच्या बांधाला उभी असलेली तबकडी आकाशातला संकेत टिपते आणि ऑप्टिकल फायबरवरून खोडदच्या मध्यवर्ती इमारतीत पाठवते. तिसांचा मेळ तिथे बसतो. प्रत्येक तबकडीने आपापला वेगळा हिशेब मांडला असता, तर दुर्बीण म्हणून त्यांचा उपयोग उरला नसता.

वायफाय आणि रेडिओ खगोलशास्त्र यांचं नातं तसंही जुनं आहे. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत जॉन ओ’सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात एक अडचण सोडवली. खोलीतल्या भिंतींवर आपटून परत येणाऱ्या लहरी मूळ संकेतात मिसळतात आणि तो विस्कटतो. ओ’सुलिव्हन यांनी आधी स्फोट पावणाऱ्या कृष्णविवरांचे रेडिओ संकेत शोधायचा प्रयत्न केला होता. ते सापडले नाहीत, पण तेव्हाचं गणित इथे उपयोगी पडलं आणि 1996मध्ये अमेरिकी पेटंट मिळालं. वायफायचा शोधच त्यांनी लावला, असं सरसकट लिहिलं जातं ते जास्तीचं आहे. वायफायमागे इतर अनेकांचं काम आहे.

आता पुन्हा लॉजकडे. खालून आलेली वायर वरच्या नव्या राउटरच्या ‘वॅन’ खाचेत घातली, की वर दुसरं स्वतंत्र जाळं तयार होतं. इंटरनेट चालतं, म्हणून मालक खूश. पण कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर वर आणि संगणक खाली असेल तर संगणकाला रेकॉर्डर सापडत नाही, वरच्या मोबाइलला खालचा प्रिंटर दिसत नाही. तीच वायर ‘लॅन’ खाचेत घातली आणि डीएचसीपी चालूच राहिला, तर दोन डबे पत्ते वाटायला लागतात. मग एका मोबाइलवर नेट चालतं, शेजारच्यावर वायफायची खूण पूर्ण असूनही काही उघडत नाही. शिव्या मात्र कंपनीला बसतात.

जुना राउटर पडून असेल तर खर्चाची गरजही नाही. सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडावा. नसेल तर त्या डब्याचा पत्ता 192.168.1.2 करावा (पहिला डबा 192.168.1.1 वर असेल तर), डीएचसीपी बंद करावा आणि वायर लॅन खाचेत घालावी, वॅनची खाच रिकामीच राहते. वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे सारखाच ठेवावा. 2.4 गिगाहर्ट्झवर एकाला चॅनेल 1 दिला तर दुसऱ्याला 6 किंवा 11, म्हणजे दोघांचा आवाज एकमेकांत मिसळत नाही.

नवा अ‍ॅक्सेस पॉइंट घ्यायचाच असेल तर छताला बसणारा, पीओई चालणारा घ्यावा. त्यात वीजही नेटवर्कच्याच वायरीतून जाते, वेगळा प्लग काढावा लागत नाही. तांब्याची ही वायर 100 मीटरपर्यंतच भरवशाची. मळ्यातल्या वस्तीवर घरापासून गोठ्यापर्यंत त्याहून जास्त अंतर असेल तर फायबर ओढावी. अंतर कमी असलं तरी दोन इमारतींमध्ये फायबरच बरी, कारण वळवाच्या पावसात जवळ वीज पडली की तांब्याच्या वायरीतून झटका येऊन दोन्हीकडची यंत्रं जळू शकतात. पत्र्याच्या शेडमधून लहरी जेमतेमच आरपार जातात, म्हणून तिथला अ‍ॅक्सेस पॉइंट शेडच्या आतच लावावा.

वायर ओढणं शक्यच नसेल तर दुकानदार रिपीटर पुढे करतो. स्वस्तातला रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. मेश नावाचे संच त्यातून कितपत सोडवतात, ते पुढच्या भागात. तोवर वाचकांनी घरातल्या डब्याच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावरचं मॉडेलचं नाव आणि पत्ता वहीत उतरवून ठेवावा. पुढच्या आठवड्यात तो लागणार आहे.