थोड्या भांडवलात दुरुस्तीचा धंदा

खेड्यात छताचा पंखा बंद पडला की पुष्कळ घरांत तो उन्हाळाभर बंदच राहतो. नळ गळतो तर गळतो. दाराची बिजागरी सुटली तर दार दोरीने बांधून ठेवतात. माणसे आळशी आहेत म्हणून असे होत नाही. तालुक्याच्या मिस्त्रीला शे-दोनशे रुपयांच्या कामासाठी पंधरा किलोमीटर येणे परवडत नाही, आणि गावात ते काम करणारा कोणी नसतो. तुमच्या गावात अशी स्थिती असेल, आणि तुम्हाला हाताने काम करण्याची हौस असेल, तर तिथे एका माणसाचे पोट भरण्याइतका धंदा पडून आहे, असे समजा.

धंदा म्हटला की आधी गाळा, रंगवलेली पाटी, काचेचे कपाट, असा थाट डोळ्यांपुढे येतो. त्यापायी आईची पाटली सावकाराकडे जाते. बंधूंनो, एवढे मात्र करू नका. पंखा, नळ, दार यांची दुरुस्ती गिऱ्हाइकाच्या घरी होते. गाळ्याचे भाडे मात्र तुम्ही काम करा अथवा करू नका, चालूच राहते. पहिले सहा महिने एक पिशवी आणि सायकल किंवा मोटारसायकल पुरे.

पिशवीत काय असावे? पक्कड, लहानमोठे स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर, हातोडी, कमीजास्त होणारा पाना, पाइप पाना, लोखंड कापायची करवत, कानस, पटाशी आणि टेप. भाव गावोगाव वेगळे असतात, तरी चांगल्या प्रतीची ही हत्यारे साधारण तीन हजार रुपयांत येतात. वीज मोजायचे साधे मीटर जमेल तेव्हा घ्या. भोके पाडायचे यंत्र मात्र पहिल्या दिवशी नको. ते दोन-चार वेळा भाड्याने आणा. भाडे वारंवार द्यावे लागते असे दिसले की मग विकत घ्या. सुट्या भागांचेही तसेच. डझनावारी माल भरून ठेवण्यापेक्षा महिनाभर वहीत लिहा की लोकांनी काय काय मागितले. बहुतेक त्यात नळाचे वायसर, टेफलॉनची पट्टी, बटणे, होल्डर, कड्या-कोयंडे आणि पंख्याचा कपॅसिटर हेच पुन्हा पुन्हा येईल.

पंख्याचे उदाहरण घेऊ. पंखा नुसता गुणगुणतो, फिरत नाही, पण पाते काठीने ढकलले की हळूहळू फिरू लागतो, तर पुष्कळदा कपॅसिटर गेलेला असतो. साध्या छताच्या पंख्याला बहुधा २.५ मायक्रोफॅरडचा लागतो. जुन्यावर आकडा छापलेला असतो, तो पाहूनच नवा घ्या. वीज बंद करून हाताने फिरवताना पंखा घरघरतो किंवा अडतो, तर बेअरिंग पाहावे. जळका वास आला तर गुंडाळी जळाली आहे, ते काम तालुक्याच्या वाइंडिंगवाल्याचे. हल्ली कमी वीज खाणारे, रिमोटवर चालणारे पंखे निघाले आहेत. त्यांच्या आत इलेक्ट्रॉनिक पाटी असते. तिथे कपॅसिटर बदलण्याचा हा उपाय चालत नाही. ‘हे मला येत नाही’ असे गिऱ्हाइकाला सरळ सांगावे. त्याने कमीपणा येत नाही, उलट पुढचे बोलावणे येते.

आता खऱ्या अडचणीकडे वळू. असे धंदे बुडतात ते बहुधा भांडवल कमी पडले म्हणून नव्हे, तर स्वतःच्या तासाची किंमत न धरल्यामुळे. समजा, तुमच्या भागात मजुरी रोजची चारशे रुपये आहे. दिवस आठ तासांचा. पण दुरुस्तीवाल्याचा निम्मा दिवस जाण्यायेण्यात, सामान आणण्यात आणि ‘जरा बघून जा’ यात जातो. पैसे मिळतात ते चार तासांचे. म्हणजे नुसती मजुरीची बरोबरी करायची तरी तास शंभर रुपयांना पडला. पंख्याला पाऊण तास लागला, तर पंचाहत्तर रुपये झाले. पेट्रोलचे वीस, हत्यारांच्या झिजेचे दहा. कपॅसिटर साठला आणला असेल तर एकूण एकशे पासष्ट. आपला तरुण मात्र संकोचाने म्हणतो, “काका, शंभर द्या.” सामान आणि पेट्रोल वजा जाता हातात वीस उरले! मग वर्षभराने तो म्हणतो, धंद्यात राम नाही. काम हातात घेण्याआधीच सामानाचे इतके आणि मजुरीचे इतके, असे वेगळे सांगा. काम झाल्यावर तेच चिठ्ठीवर लिहून द्या आणि काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात ठेवा. मग घासाघीस कमी होते, आणि संशयाला जागा राहत नाही.

उधारीचे काय? खेड्यात ती चुकत नाही. सोयाबीन किंवा कांदा विकला जाईपर्यंत पैसा हातात नसतो. पण सामानाचे पैसे रोख घ्यावेत, उधार राहिली तर मजुरी राहावी. सख्ख्या मामालाही हाच नियम लावा. मामी रागावतील, पण आठ दिवसच!

विजेच्या कामात मात्र चूक माफ नाही. मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा; मेन बंद असतानाही त्याची वीज तारेत असते. टेस्टर आधी चालू जागी लावून तपासा, कारण बिघडलेला टेस्टर प्रत्येक तार मेलेली दाखवतो. शिडीशी एक माणूस उभा ठेवा. घरात नवे वायरिंग घालणे हे परवानाधारकाचे काम आहे. खांबावर तर कोणी कितीही गळ घातली तरी चढू नये.

कर्ज लागलेच तर मुद्रा योजनेच्या शिशू गटात पन्नास हजारांपर्यंत तारणाशिवाय मिळू शकते. २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा कारागिरी आहेत. त्यांत सुतार, लोहार, गवंडी आहेत. नळकाम आणि वीजकाम नाही, हे अर्ज करण्याआधी ध्यानात घ्या. माझे मत विचाराल तर वहीत तीन महिन्यांचा हिशेब लिहून झाल्याशिवाय बँकेत जाऊ नये.

शिक्षकांसाठी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. पुणे जिल्ह्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. गावाची खरी कामे करता करता मुलांनी शिकावे, आणि गावानेही त्या कामाचे पैसे मोजावेत, अशी तिथली रीत. गुरुजी, आपल्या शाळेतही गळणारा नळ आणि डुगडुगणारे बाक असतीलच. गावातल्या अशा तरुणाला शनिवारी दुपारी बोलवा, आठवी-नववीची मुले त्याच्या हाताखाली द्या. गळत्या नळाखाली आधी तासभर लोटा ठेवायला सांगा, जमलेले पाणी मोजू द्या आणि त्याला चोविसाने गुणायला लावा. मग वायसर बदलू द्या. आणि त्या तरुणाची मजुरी त्याच दिवशी चुकती करा.