मोतीबिंदूचे ऑपरेशन फुकट, बसचे तिकीट नाही

बालाघाटहून बैहरचा घाट चढून मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीपाशी आलात, की बिरसा जवळच. तहसिलीचे गाव, भोवती जंगल, एका अंगाला कान्हा आणि दुसऱ्या अंगाला छत्तीसगडची हद्द. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा भंडारा मुंबई राज्यात गेला (गोंदिया तेव्हा त्याच जिल्ह्यात होते) आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. नाती मात्र सीमा बघून जोडलेली नव्हती. आपल्यापैकी कित्येकांची एखादी आत्या, मावशी किंवा घरी वर्षानुवर्षे काम केलेली एखादी बाई आजही त्या पट्ट्यात आहे. तिला दिसेनासे झाले, तर खर्च कोण देते? आपल्या घरातल्या तरुण मंडळींना हे ठाऊक असायला हवे, कारण असा फोन आता तुम्हालाच येणार आहे.

आधी रोगाविषयी. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत देशातले अंधत्वाचे प्रमाण ०.३६ टक्के आढळले. पन्नाशीपुढच्या माणसांत अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू, ६६.२ टक्के. म्हणजे न दिसणाऱ्या दर तीन म्हाताऱ्या माणसांपैकी दोघांना एका छोट्या शस्त्रक्रियेने पुन्हा दिसू शकते. डोळ्यात बसवायचे भिंग पूर्वी परदेशातून येई आणि गरिबाला परवडत नसे. १९९२ मध्ये मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या मंडळींनी ऑरोलॅब काढून ते इथेच बनवायला घेतले आणि किंमत कितीतरी पटींनी उतरली. त्याच रुग्णालयाची दुसरी रीतही सांगण्यासारखी आहे: पैसे देणाऱ्या रुग्णांच्या फीमधून न देऊ शकणाऱ्यांचा खर्च निघतो. आज देशात धर्मादाय नेत्र रुग्णालये जी दिसतात, त्यांतली बरीच या वाटेने चालतात.

सरकारी पैशाची वाट वेगळी. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून आहे. त्यातून सरकारी रुग्णालयात मोतीबिंदूचे ऑपरेशन मोफत होते आणि स्वयंसेवी संस्थांच्या रुग्णालयांना दर ऑपरेशनमागे अनुदान मिळते. गावात बॅनर लागतो, गाडी येते, रुग्ण नेतात, आणून सोडतात. त्यामागे बहुधा हे अनुदान आणि कुणातरी देणगीदाराची भर असते. शिवाय आयुष्मान कार्ड आहे: पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला ते मिळते, उत्पन्नाची अट नाही. आपल्या घरातले आजी-आजोबाही त्यात आले, हे अनेकांच्या लक्षातच आलेले नाही.

सीमेवरच्या माणसांसाठी महत्त्वाची गोष्ट अशी, की हे कार्ड दुसऱ्या राज्यातही चालते. बिरसाच्या माणसाला जबलपूरऐवजी गोंदिया किंवा नागपूर सोयीचे वाटले, तर तिथल्या योजनेतल्या रुग्णालयात जाता येते. पण आधी विचारून जावे. काही उपचार काही राज्यांनी फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले असतात, आणि इतका प्रवास करून खिडकीवर 'इथे होत नाही' ऐकायचे म्हणजे फार वाईट. १४५५५ हा योजनेचा मदत क्रमांक आहे. आधार आणि मध्य प्रदेशातला समग्र आयडी, दोन्हींवरचे नाव एकसारखे आहे का, हेही आधीच पाहून ठेवा. शेतात राबलेल्या बोटांचे ठसे यंत्राला पुष्कळदा उमटत नाहीत, तेव्हा मोबाईल क्रमांक जोडलेला असलेला बरा.

मग अडते कुठे? माझ्या मते अडते ते ऑपरेशनच्या बाहेरच्या पैशावर. सोबतीला एक धडधाकट माणूस लागतो, त्याची मजुरी बुडते. बसचे भाडे, दोन दिवसांचे जेवण, पुढचे काही आठवडे घालायचे थेंब, आणि पुन्हा तपासणीला जायचे ते वेगळेच. तेंदूपत्त्याचा हंगाम असला तर घरातून कुणी हलत नाही. त्यात बाईमाणसाची पाळी शेवटी. 'आता काय पाहायचे राहिलेय' असे म्हणून ती स्वतःच मागे सरते, आणि घरचेही फार आग्रह करत नाहीत.

म्हणून मदत करायची तर या फटीत करा. ऑपरेशनचे पैसे कुणीतरी देतेच. सोबत्याची मजुरी आणि दुसऱ्या खेपेचे तिकीट सहसा कुणी देत नाही. तीच गोष्ट चाळिशीच्या चष्म्याची. आसामातल्या चहाच्या मळ्यांत चाळिशीपुढच्या कामगारांना जवळचे चष्मे दिले, तेव्हा त्यांचे काम न दिलेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी वाढले; २०१८ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. विड्या वळणाऱ्या, सुपात तांदूळ निवडणाऱ्या बाईला चष्मा काय देतो, ते वेगळे सांगायला नको.

पैसे देताना थोडी चौकशी करा. धर्मादाय न्यास मदत मंजूर करताना रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक मागतात आणि रक्कम रुग्णालयाच्या नावे देतात. आपणही तसेच करावे. ८०जी सवलत हवी असेल तर २ हजारांवरची देणगी रोख देऊ नका, आणि नव्या करप्रणालीत ही सवलत मिळत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांनी एफसीआरए नोंदणी असलेल्या संस्थेलाच द्यावे. भारतीय पासपोर्ट असलेल्यांना ती अडचण नाही.

आणखी एक चौकशी, पैशापेक्षा महत्त्वाची. नोव्हेंबर २०१५ मध्ये मध्य प्रदेशातच, बडवानीला, मोतीबिंदूच्या शिबिरानंतर जंतुसंसर्ग होऊन अनेक गरीब रुग्णांची दृष्टी गेली. शिबिरात फक्त तपासणी होणार ना, ऑपरेशन कायमच्या शस्त्रक्रियागृहात होणार ना, दुसऱ्या दिवशी पट्टी सोडताना डॉक्टर असणार ना, हे प्रश्न देणगीदाराने बेधडक विचारावेत. रुग्ण विचारायला धजत नाही.

ऑपरेशननंतर आठवड्याभराने तिला एक फोन करा. डोळा लाल आहे का, दुखतो का, थेंब संपले का, एवढेच विचारा. दुखत असेल तर त्याच दिवशी गाडी करून द्या. भाडे नंतर बघता येईल.